तारकचेरीचं काम

तारकचेरीचं काम धाकटीला मिळालं, हे थोरलीला आईच्या फोनवरून कळलं.

"अगं, केवढी मोठी इमारत! तुला सांगितलं नाही का तिने?"

"सांगितलं की," थोरली म्हणाली. धडधडीत खोटं. फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते.

दोघी बहिणी वास्तुविशारद. पण जुन्या दगडी इमारतींचं वेड थोरलीचं. धाकटी आपली नव्या फ्लॅटच्या सजावटीत रमलेली. बंद पडलेल्या तारकचेरीवरून जाताना थोरलीची मान हटकून वर व्हायची. हातभर जाडीच्या भिंती, छताजवळचे झरोके, सागवानी जिना. नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीने ती इमारत घेतली आहे, तिथे विजेची उधळपट्टी न करणारं नव्या धर्तीचं ऑफिस व्हायचं आहे, अशी कुणकुण लागल्यापासून ती बोलावण्याची वाट बघत होती. आणि बोलावणं आलं ते धाकटीला.

नवऱ्याने समजूत घातली. तोही वास्तुविशारद, दोघांचं ऑफिस एकच. फोन, भेटीगाठी, बोलणी सगळं तो सांभाळायचा, म्हणजे तिला आराखड्यांतून डोकं वर काढावं लागू नये. जुन्या शाळेच्या कामासाठी तिला पुरस्कार मिळाला, तेव्हा निमंत्रणावर त्याचं नाव छापायचंच राहिलं होतं. "आम्ही काय, बाईसाहेबांचे मिस्टर!" म्हणत त्याने सगळ्यांना हसवलं होतं. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं आई उठता-बसता म्हणायची.

"मनाला लावून घेऊ नकोस," चहाचा कप पुढे करत तो म्हणाला. "वशिला लावला असणार तिने."

"बहीण आहे ती माझी."

"म्हणून तर तू गाफील राहिलीस."

ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. धाकटीचे फोन घेणं तिने बंद केलं, पण तारकचेरीच्या रस्त्याने जाणं काही सुटेना. बांबूंची परांची उभी राहिली. पावसाचं पाणी साठवायला अंगणाखाली टाकी झाली. सौरपट्ट्या गच्चीच्या कठड्याआड अशा बसवल्या, की खालून कुणाला पत्ता लागू नये. सगळं तिच्या मनात होतं तस्संच. जळफळाट होत होता तो त्याचाच.

एक दिवस ती तिथे थबकली. पश्चिमेच्या भिंतीला गवंडी सिमेंटचा गिलावा करत होते. चुन्यात बांधलेली भिंत! सिमेंट थापलं की तिचा श्वास कोंडणार, ओल आतच अडकणार, दगड सुटायला लागणार. एका फोनचं काम होतं. तिने मोबाइल काढला, धाकटीचा नंबर काढला, आणि मोबाइल पुन्हा पर्समध्ये टाकला.

त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पावसाळा उलटला आणि दोघींची गाठ आईकडे पडली. धाकटीचे डोळे खोल गेले होते. तिने थोरलीला गॅलरीत गाठलं.

"ताई, भिंतीला पोपडे धरलेत गं. कंपनीच्या बाई म्हणतात, सुधारत नसेल तर दुसरं कुणी बघते. काय करू?"

"काम घेताना मला विचारलं होतंस?"

धाकटी बघतच राहिली. "म्हणजे? भावोजी तर..."

"चला, चला, पानं वाढलीत!" नवरा दारात उभा होता. "भांडायचं ते हात धुतल्यावर भांडा."

सगळे हसले. धाकटी मात्र न जेवताच निघून गेली. थोरलीच्या घशाखाली घास उतरेना. आपण जिंकलो, असं तिने स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात ती तारकचेरीत शिरली, नवऱ्याला न सांगता. काम थांबलेलं होतं. मोकळ्या, गार दालनात धाकटी एकटीच छिन्नी घेऊन भिंतीशी झटत होती. केसांत सगळी धूळ.

थोरलीने तिच्या हातातून छिन्नी घेतली. "अशी नाही. वरून खाली ये. सगळं सिमेंट काढ आणि चुना लाव. भिंत सुकेल आपोआप."

"तुला ठाऊक होतं?"

"लावत होते तेव्हाच पाहिलं होतं मी."

धाकटीने डोळे पुसले. रागावलीसुद्धा नाही. तेच थोरलीला सोसवेना. ती काही बोलणार, इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि कंपनीच्या संचालिकाबाई आत आल्या. धाकटीने ओळख करून दिली, तशी बाईंनी थोरलीचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही आलात! केवढं बरं वाटलं. तब्येत कशी आहे आता?"

"माझी? मला काय झालंय?"

बाई गोंधळल्या. त्यांनी एकदा धाकटीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"अहो, तुमचं शाळेचं काम बघून आम्ही पहिल्यांदा तुम्हालाच विचारलं होतं. तुमच्या मिस्टरांनीच सांगितलं, तब्येतीमुळे तिने काम कायमचं सोडलंय, तिच्यापुढे हा विषयसुद्धा काढू नका. तुमच्या बहिणीचं नावही त्यांनीच दिलं."