तपकिरी रंगाखाली

लग्नाला दोन वर्षं झाली, तरी या घरात सुनेच्या पसंतीची एक वस्तू नव्हती, साधं पायपुसणंसुद्धा नाही. म्हणून भिंतीवरचं ते जुनाट लाकडी घड्याळ तरी आपल्या आवडीचं निळं करायचंच, असं तिने ठरवलं.

"खबरदार!" मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. "ते लाकूड मुळातच तपकिरी आहे, आजवर रंगाचा थेंब लागलेला नाही त्याला. ह्यांच्या पणजोबांना राजाने दिलेलं! एकाने नुसता ब्रश दाखवला, तर काटे उलटे फिरायला लागले. संध्याकाळपर्यंत त्याचे पडलेले दात परत आले!"

"मग तर रंगवतेच, आई. तुमची कवळी सुटेल."

तिने घड्याळ खाली उतरवलं आणि पॉलिश पेपरने घासायला घेतलं. तपकिरी भुकटी उडाली आणि खालून चक्क गुलाबी रंग डोकावला. अजून घासलं, तर त्यावर एक चित्र.

"आई, तुमचं राजाचं लाकूड आतून गुलाबी आहे. आणि त्यावर कोंबडी कोणी काढली हो?"

"कोंबडी काय म्हणतेस? मोर आहे तो!" सासूबाई उसळल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"म्हणजे हा तुम्ही काढलात?" सुनेने विचारलं.

"महिनाभर बोलल्या नव्हत्या माझ्या सासूबाई," त्या मटारात बघत पुटपुटल्या. "शेवटी मीच तपकिरी फासला."

"मग मी निळा देऊ?"

"दे बाई. पण पातळ दे, तुझ्या सुनेला खरवडताना त्रास नको."