दहा मिनिटं पुढे

अपर्णानं सांगलीच्या रक्तपेढीचा आणि तिच्या मिरजेच्या शाखेचा सर्व्हर एकमेकांना जोडून दिले होते. इथली नोंद तिथं जायची, तिथली इथं यायची. रक्ताच्या एकाच पिशवीबद्दल दोन्हीकडून लिहिलं गेलं, तर नंतरच्या वेळेची नोंद टिकेल, हा नियम तिनंच घातला होता.

अकरा वाजता सांगलीच्या प्रयोगशाळेनं मिरजेतल्या एका पिशवीपुढे ‘वापरू नये’ असं लिहिलं. पण ते पुसलं गेलं आणि मिरजेनं आधीच लिहिलेलं ‘देण्यास योग्य’ पुन्हा दिसू लागलं. त्यापुढे वेळ होती अकरा वाजून पाच मिनिटं. अपर्णानं मनगटावर पाहिलं. अकरा पाच अजून वाजायचेच होते.

तिनं मिरजेची शाखा सांभाळणाऱ्या शेडगेकाकांना फोन लावला. “शेडगेकाका, ती पिशवी देऊ नका. तुमच्या सर्व्हरचं घड्याळ पुढे आहे का?”

“दहा मिनिटं. कालच भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं,” काका म्हणाले. “ते बावीस वर्षं मी पुढेच ठेवतोय. रक्ताच्या कामाला उशीर नको.”

पिशवी परत आत गेली असावी; पलीकडे फ्रीजचं दार लागल्याचा आवाज आला. पिशवी न्यायला आलेला बाप रडवेला झाला होता. “साडेअकराला पोरीचं ऑपरेशन आहे हो. घड्याळ बघा, सव्वाअकरा झाले.”

“मॅडम, दुसरी पिशवी?” काकांनी विचारलं.

“इथून गाडी निघतेय. वीस मिनिटांत पोचेल.”

घड्याळ उतरवायला स्टूल ओढल्याचा आवाज आला. “मग वेळेत येतेय,” काका त्या बापाला सांगत होते. “हे घड्याळ खोटं आहे. अजून अकरा पाचच झालेत.”