शंभरातले साठ

मतमोजणीचा निकाल चारला लागणार होता. गावातले सगळे रिकामटेकडे बंबखान्यात जमले होते, कारण कॉफी तिथेच फुकट मिळते. ऑर्विल क्वाम मात्र उभा होता. आगीच्या बंबावर जन्म इथेच गेला त्याचा; निवृत्त झाला तरी बंबखान्यात आला की तो बसत नाही.

मतपत्रिकेवर प्रश्न छापला होता तो असा:

पोलीस आणि अग्निशमनाच्या नव्या इमारतीसाठी शहराने कर्जरोखे काढून ते घरपट्टी वाढवून फेडावेत काय?

ऑर्विलने वाचला तो असा:

सॉल्वेने घरी यावं काय?

सॉल्वे त्याची मुलगी. डोंगरापलीकडे सिएटलला बंबावर आहे. तिने आधी इथेच अर्ज केला होता. नोकरीला कुणाची ना नव्हती, अडचण झोपायची होती. माडीवर एकच दालन, ओळीने खाटा, एक न्हाणीघर आणि त्याला पडदा. रात्रपाळीला बाईने निजायचं कुठे? नव्या नकाशात खोल्या होत्या, लहान लहान, दारं असलेल्या. ऑर्विल तो नकाशा घेऊन महिनाभर घरोघर हिंडला. लोक पैशांचं विचारत, तो त्या दारांवर बोट ठेवी.

शेजारच्या हॉलिसने त्याला सगळ्यात जास्त छळलं. पोलीस बँकेच्या तळघरात बसतात म्हणून कुठला चोर रागावून गेलाय का, म्हणे. आणि चोरण्यासारखं काही असतं तर मी घरपट्टीवरून कशाला कुरकुरलो असतो? मत काय देणार, हे ऑर्विलने त्याला विचारलंच नाही. शेजार जुना होता. उत्तराची भीती वाटली.

चारला आकडा आला. शंभरातल्या एकोणसाठांनी हो म्हटलं होतं.

टाळ्या.

मग थोड्या टाळ्या.

मग एकटाच एक म्हातारा, ज्याला कमी ऐकू येतं.

साधी निवडणूक असती तर गावातून मिरवणूक निघाली असती. पण कर्जरोख्यांना शंभरातले साठ लागतात.

लोक कप विसळून एकेक करून निघाले. हॉलिस ऑर्विलपाशी येऊन थांबला, टोपी चाचपत राहिला.

"मी हो केलं होतं रे," तो म्हणाला. "पोरीसाठी. तुला सांगणार नव्हतो, डोक्यावर बसला असतास."

ऑर्विलने मान हलवली. रागवायला एक माणूस हाताशी होता, तोही गेला.

खिशातला फोन वाजला. सॉल्वे होती. आकडा तिनेही पाहिला होता.

"बाबा, म्हणजे निम्म्याहून जास्त गावाला मी यावंसं वाटतं."

"वाटतं ना."

"मग?"

"मग काही नाही, पोरी. तेवढं वाटून भागत नाही."

ती काहीतरी बोलणार होती, इतक्यात तिकडे घंटा झाली. तिने फोन कुठेतरी टाकला, बंद करायचा राहिला. धावती पावलं, मग इंजिन, मग भोंगा.

ऑर्विल फोन कानाला लावून उभा राहिला. परक्या शहराचा बंब लांब लांब जात होता. तो ऐकू येईनासा झाला, तरी त्याने कानाचा फोन काढला नाही.