भुंग्या दमला

"थांबा गं, भुंग्या दमला," म्हणत शैला करवंदीच्या सावलीत टेकली. मागून टेकडी चढत आलेली कुंदाही बसली. हृदयाच्या ऑपरेशननंतर मैत्रिणींसोबतचा तिचा हा पहिलाच रविवार. निघतानाच तिने बजावलं होतं, "माझ्यामुळे तुम्हाला रखडावं लागलं, तर मी पुन्हा यायची नाही."

तिघी रखडल्याच, पण शैलाच्या कुत्र्यामुळे.

पुढच्या वळणावर तिसरी मैत्रीण वत्सू म्हणाली, "भुंग्या दमला."

आंब्याखाली शैला पुन्हा म्हणाली, "या उन्हात मुक्या जिवाचे हाल नकोत, बाई."

कुंदाला बरं वाटलं. धापा टाकणारी ती एकटीच नव्हती. तिने मायेने भुंग्याला शोधलं, तर तो वर देवळापर्यंत जाऊन, सरड्यामागे उड्या मारत, खाली धावत येत होता.

तिने मैत्रिणींकडे पाहिलं. दोघी घाईघाईने मघा तोडलेली करवंदं खाऊ लागल्या.

पायाशी आलेल्या भुंग्याला कुंदाने जवळ ओढलं, त्याच्यासमोर ओंजळीत पाणी धरलं.

"खरंच गं, फार दमलाय बिचारा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी याला ऊन चढायच्या आत आणूया."