तिसरी फेरी

पहिली फेरी देवाने जिंकली. इसाकू पाठीवर आपटला आणि पंच गेनपेईने हातातला निकालाचा पंखा रिकाम्या बाजूकडे दाखवला.

भाताचा देव कुणाला दिसत नाही, त्यामुळे आखाड्यात इसाकू एकटाच दिसतो. कुणालाही न धरता घामाघूम होतो, कुणीही न ढकलता पडतो. रीत ठरलेली. तीनपैकी दोन फेऱ्या देवाच्या. देव जिंकला की भात पिकतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा इसाकू बेचाळीस वर्षं हरत आला होता. त्याच्याइतकं नीट हरणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

दुसरी फेरी त्याने मारली. पाच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ओतोवे आजी म्हणाली, "माजू नकोस मेल्या, मुद्दाम सोडलंय तुला त्याने." हे ती दर वर्षी म्हणायची.

यंदा मात्र गावात भात लावलंच नव्हतं. लावायला कुणी उरलं नव्हतं. कुस्ती संपली की पुजारी देवाला पेटीत घालून शहरातल्या मोठ्या देवळात पोचवणार होता. तिथे लोक नव्या मोटारींसाठी आशीर्वाद घ्यायला येतात. देवळाच्या पायऱ्यांखाली त्याची गाडी उभी होती. पुढच्या सीटवर रिकामी पेटी होती आणि तिला पट्टा लावलेला होता.

तिसरी फेरी सुरू झाली. इसाकूने वाकून हवेला मिठी घातली. आता पाच पावलं मागे सरकायचं आणि पडायचं.

तो सरकलाच नाही.

पुजाऱ्याने घड्याळ पाहिलं. शहरातलं देऊळ पाचला बंद व्हायचं. गेनपेई इसाकूभोवती दोनदा फिरला, मग पंख्याआडून कुजबुजला, "पड की रे. गुडघे धरलेत का?"

"गुडघे बरे आहेत."

"मग?"

"तो ढकलतच नाहीये."

गेनपेईने समोरच्या बाजूकडे पाहिलं. तिथे नेहमीसारखंच कुणी नव्हतं.

"मग बाजूला हो तू. ही फेरी तुझी म्हणून टाकतो. आता कोण विचारतंय?"

इसाकूने पाय आणखी रोवले. त्याचे दंड थरथरत होते.

"सगळा भार माझ्यावर टाकलाय रे त्याने. बाजूला झालो तर पडेल."

खाली पुजाऱ्याने गाडी सुरू केली. गेनपेईने पंखा कमरेला खोचला, रिकाम्या बाजूला गेला आणि देवाच्या दुसऱ्या खांद्याखाली हात घातला.