आभाळाची राखण

“आलं! विमान आलं!” मावशी खुर्चीतून जवळजवळ उडालीच. तिने मांडीवरचं लाल बटण दाबलं. शेजारी उभ्या ट्रकच्या छतावरच्या झरोक्यातून आभाळात जाणारा लेझर झोत बंद झाला. झोत डोळ्यांना दिसतच नव्हता, पण मावशी त्याच्याकडेही कौतुकाने बघत होती. मग तिने विमानाला जोरजोरात हात हलवला.

“अहो मावशी, ते अजून टेकडीपलीकडे आहे!” यंत्रापाशी बसलेल्या दाढीवाल्याने ट्रकमधून डोकं बाहेर काढलं.

“असू दे. पाहुणा दारात आल्यावर झाडू शोधायचा का?”

भाचीने कपाळाला हात लावला, पण हसू काही तिला आवरेना. तिचा हा ट्रक ठिकठिकाणी फिरून हवेतला ओझोन मोजायचा, जमिनीलगत किती आणि उंचावर किती. “वर असला तर छत्री, खाली असला तर खोकला,” असं तिने मावशीला समजावलं होतं. झोतामुळे वैमानिकाच्या डोळ्यांना अपाय होऊ नये म्हणून आभाळावर नजर ठेवायला एक माणूस असायचा. आज कामाचा शेवटचा दिवस, आणि नेमके त्याचेच डोळे आले. मग मावशीच्या घरामागच्या मैदानात तिचीच नेमणूक झाली.

नेमणूक कसली, राज्याभिषेकच तो! डोक्यावर रुंद टोपी, नाकावर भाचीचा काळा चष्मा. आधी बटण, मग हात. एवढी मजा तिला याआधी शाळेच्या फाटकावर ताईबरोबर झोके घेतले तेव्हाच आली होती. तेव्हा फाटक बिजागरीसकट खाली आलं होतं आणि दोघी मातीत बसून पोट धरून हसल्या होत्या.

ताई म्हणजे भाचीची आई. लग्न होऊन ती परदेशी निघाली, तेव्हा मावशी विमानतळाच्या कठड्याशी उभी राहून विमानाचा ठिपका होईपर्यंत हात हलवत होती. पुढे ताईचं पत्र आलं, ‘मला मधली जागा मिळाली गं. तू दिसलीच नाहीस.’ आता ताईला प्रवास झेपत नव्हता. “तूच ये,” असं ती दर फोनला म्हणायची. मावशीचं उत्तर ठरलेलं, “जिथे पाय जमिनीला टेकत नाहीत, तिथे मी बसत नाही.” परवा भाची परत आईकडे निघणार होती. बरोबर चल म्हणून विनवून विनवून तीही थकली होती.

“विमान!” मावशीने पुन्हा बटण दाबलं.

“मावशी, शेवटचं मोजमाप आहे हो!” दाढीवाला कळवळला.

“मोजा की नंतर. ओझोन काय पळून जातोय?” मावशीची नजर वरच होती. “काय गं, आपण थांबलोय हे त्या वरच्यांना कळतं का?”

“छे! त्यांना कुठून कळणार?” भाची म्हणाली.

“आणि असं खाली बसून त्यांना जपणारं आणखी कोण असतं?”

“कितीतरी जण असतात, मावशी. अख्ख्या वाटेवर, जागोजागी रडारपाशी बसलेले. एकाची नजर हटायच्या आत दुसऱ्याची पोहोचलेली असते.”

  इतकी वर्षं मावशीला वाटायचं, एकदा वर गेलं की ते विमान एकटं, कुणाचंच नाही. तिने हातातल्या लाल बटणाकडे पाहिलं. विमान पार दिसेनासं होईपर्यंत तिने हात हलवला, मग बटण सोडलं. ट्रक पुन्हा घरघरू लागला.

“चिमे, तिकीट काढ माझं.”

भाची बघतच राहिली. दाढीवाल्याचं डोकं पुन्हा बाहेर आलं.

“बघतेस काय? काढ! पण जागा खिडकीचीच हवी हं,” टोपी सावरत मावशीने बजावलं. “खालून कुणी हात हलवत असलं तर मला दिसायला नको?”