दोघांचा एकच पत्ता

केबिनचं दार ढकलून ऑफिसचं नेटवर्क बघणारी नीलांबरी आत शिरली. "सर, तुम्ही आलात की माझं इंटरनेट बंद पडतं. मुद्दाम करत असाल, तर मी नोकरी सोडते!"

गोगटे सर चाटच पडले. "अहो, मला वाटायचं, तुम्हीच माझं बंद करता. परवा रजा नाकारली ना मी!"

नीलांबरीने दोन्ही कॉम्प्युटर तपासले. दोघांनाही एकच आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता असलेला नंबर, दिलेला होता. एक सुरू झाला की दुसरा अडायचा. सरांच्या नव्या कॉम्प्युटरवर तो नंबर तिनेच, मोठ्या रुबाबात, टाकला होता.

तिचे कान तापले. नंबर बदलताच दोन्हीकडे इंटरनेट आलं.

"कोणाची चूक होती?" सरांनी विचारलं.

"नेटवर्क बघणाऱ्या बाईंची," ती म्हणाली. "स्वतःला फार शहाण्या समजतात. पण नोकरी सोडणार नाहीत म्हणे."